राखून ठेवलेल्या रुपयाने काय कमावले?

अचलपूर, जि. अमरावती

प्रति,
मा. ऊर्जामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,


राज्याच्या मालकीच्या वीज कंपन्यांची शेअर बाजारात नोंदणी करण्याचा इरादा आपल्या सरकारने बोलून दाखवला आहे. वीज कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी त्याला विरोध केला आहे आणि वाद खासगीकरण चांगले की वाईट या नेहमीच्या वळणावर गेला आहे. त्या वादात हे पत्र उतरत नाही. बाजूने बोलणारे आणि विरोधात बोलणारे, दोघांनाही आधी एका आकड्याची गरज आहे आणि तो आकडा आज कोणाच्याच समोर नाही. कंपनीने मालकाला लाभांश न देता जो नफा स्वतःजवळ ठेवला, त्या नफ्याने पुढच्या काळात किती नवा नफा आणला, हा तो आकडा. ६ जून २००५ रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या उभ्या राहिल्या. त्याला दोन दशके उलटली आहेत. एवढ्या अवधीचा हिशेब मांडता येतो आणि एकही शेअर विक्रीला काढण्यापूर्वी तो मांडला गेला पाहिजे, एवढेच या पत्राचे म्हणणे आहे.

हिशेबाची रीत अवघड नाही. समजा, एका कंपनीचा वार्षिक नफा दहा वर्षांत ८०० कोटींवरून १,२०० कोटींवर गेला. वरवर पाहता नफा दीडपट झाला आणि अहवालात तसे ठळक अक्षरांत छापलेही जाईल. या दहा वर्षांचा एकूण नफा १०,००० कोटी धरू. त्यातले ३,००० कोटी लाभांशापोटी वाटले आणि ७,००० कोटी कंपनीत राहिले. या ७,००० कोटींनी वार्षिक नफ्यात भर घातली ४०० कोटींची. म्हणजे राखून ठेवलेल्या पैशावर परतावा पडला पावणेसहा टक्क्यांच्याही आत. बँकेतली साधी मुदत ठेवही बहुतेक वर्षे याहून बरे व्याज देते. 'नफा दीडपट' आणि 'परतावा पावणेसहा टक्के' ही दोन्ही वाक्ये एकाच ताळेबंदातून निघतात, पण संचालक मंडळाच्या कर्तबगारीबद्दल खरे बोलते ते दुसरे. वॉरेन बफे यांनी १९८३ मध्ये बर्कशायर हॅथवेच्या भागधारकांसमोर हीच कसोटी आणखी कडक शब्दांत ठेवली होती. कंपनीत ठेवून घेतलेल्या प्रत्येक डॉलरमागे भागधारकासाठी कालांतराने निदान एक डॉलरचे बाजारमूल्य तयार झाले पाहिजे. ते होत नसेल तर तो डॉलर ठेवून घेण्याचा कंपनीला अधिकार उरत नाही.

वीज कंपनीला ही कसोटी लावताना मात्र डोळ्यांत तेल घालावे लागते, कारण या धंद्यात नफ्याचा आकडा तीन ठिकाणी फसवतो. पहिले ठिकाण बांधकामाचे. औष्णिक संच उभा राहायला चार-सहा वर्षे लागतात. तोवर गुंतलेला पैसा काहीच कमवत नाही, आणि काम रेंगाळले की बांधकामकाळातले व्याज भांडवली खर्चातच मिसळून प्रकल्पाची किंमत फुगते. दुसरे ठिकाण झिजेचे. जुना संच चालू ठेवायला, राखेचे बंधारे वाढवायला, प्रदूषणाचे नवे नियम पाळायला जो पैसा जातो, तो कागदावर नफ्यातून राखलेला दिसतो. प्रत्यक्षात त्याने एक मेगावॅटही वाढत नाही. आहे ती जागा टिकते इतकेच. असा नफा मालकाला वाटताही येत नाही आणि त्यातून वाढही होत नाही, म्हणून तो वेगळा काढून दाखवला पाहिजे. तिसरे ठिकाण येणे रकमेचे आणि महाराष्ट्रात तेच सर्वांत मोठे आहे. महानिर्मिती वीज विकते महावितरणला. बिल निघाले की पुस्तकात उत्पन्न जमा होते आणि त्यातून नफाही दिसतो. पैसे मात्र महावितरणकडून सवडीने येतात. महावितरणची स्वतःची अवस्था अशी की २०२० चे कृषिपंप वीज धोरण आले तेव्हा एकट्या कृषिपंपांची थकबाकी चाळीस हजार कोटींच्या पुढे गेलेली होती. तेव्हा महानिर्मितीच्या ताळेबंदात 'राखीव नफा' म्हणून दिसणाऱ्या रकमेचा काही भाग एखाद्या नव्या संचात नसून महावितरणच्या न आलेल्या बिलांत अडकलेला असू शकतो. तो किती, हे सांगणे हे कंपनीचे काम आहे.

यावर जाणकार लगेच म्हणतील की वीज हा नियंत्रित धंदा आहे, परतावा कायद्यानेच ठरलेला असतो, मग मोजायचे काय? हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. प्रकल्पाच्या मंजूर खर्चात सत्तर टक्के कर्ज आणि तीस टक्के भागभांडवल धरायचे आणि त्या तीस टक्क्यांवर ठरावीक परतावा वीजदरातून वसूल करू द्यायचा, ही पद्धत देशभर चालते. केंद्रीय वीज नियामक आयोगाने वर्षानुवर्षे हा परतावा १५.५ टक्के ठेवला. राज्याच्या नियामक आयोगाने २०१९ च्या विनियमांत निर्मितीसाठी मूळ परतावा १४ टक्के ठरवून वरचा दीड टक्का कामगिरीशी जोडला. संच ठरलेल्या प्रमाणात, साधारण ८५ टक्के, उपलब्ध असला की त्याची वीज घेतली जावो वा न जावो, स्थिर आकार मिळतो. कोळशाचा खर्च तर बहुतांशी ग्राहकाच्या बिलात उतरतो. इतकी हमी असलेल्या धंद्यात राखून ठेवलेल्या पैशावरचा परतावा पंधरा टक्क्यांच्या आसपास आपोआपच पडायला हवा. तो तसा पडत नसेल तर गळती कुठे आहे? आयोगाने नामंजूर केलेला जादा खर्च, ठरल्यापेक्षा जास्त जळलेला कोळसा, बंद राहिलेले संच, रेंगाळलेली बांधकामे, उशिरा आलेली बिले, यांतल्या कोणत्या कारणाने किती टक्के गेले, हे दाखवता येते. परतावा ठरलेला आहे म्हणून मोजमापाची गरज नाही, हे म्हणणे त्यामुळे टिकत नाही. मंजूर परतावा आणि हाती आलेला परतावा यांतले अंतर हीच वीज कंपनीच्या कारभाराची सर्वांत स्वच्छ मोजपट्टी आहे आणि मंजूर परतावा आधीच माहीत असल्यामुळे ती इतर कोणत्याही धंद्यापेक्षा इथे सोपी आहे.

या हमीला दुसरीही बाजू आहे आणि ती ग्राहकाची आहे. कंपनीने राखलेला एक रुपया भागभांडवल म्हणून प्रकल्पात घातला आणि आयोगाने तो मान्य केला, की १५.५ टक्के दराने प्रकल्पाच्या पंचवीस वर्षांच्या आयुष्यात त्यापोटी ग्राहकांकडून पावणेचार रुपयांहून अधिक परतावा वसूल होतो, घसारा वेगळा. हार्वे अॅव्हर्च आणि लेलँड जॉन्सन या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी १९६२ मध्येच दाखवून दिले होते की, भांडवलावर परताव्याची हमी असली की कंपनीला गरजेपेक्षा जास्त भांडवल ओतण्याचा मोह होतो. म्हणून परतावा किती मिळाला एवढे विचारून भागत नाही. ज्या प्रकल्पावर तो मिळाला त्याची वीज खरोखर लागली का आणि मिळाली का, हेही विचारावे लागते. परळीच्या औष्णिक केंद्राचे उदाहरण राज्य विसरलेले नाही. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी तिथले संच बंद ठेवावे लागले. पैसा घातला होता, यंत्रे होती, माणसे होती, पाणी नव्हते.

आता आमच्याच भागातली उदाहरणे पाहा. अकोला जिल्ह्यातल्या पारसला महानिर्मितीचे २५० मेगावॅटचे दोन संच आहेत; एक २००८ मध्ये सुरू झाला, दुसरा २०१० मध्ये. अमरावतीजवळ नांदगाव पेठेला रतनइंडिया पॉवरचा १,३५० मेगावॅटचा खासगी प्रकल्प आहे. दोन्ही कोळशावर चालतात आणि दोन्हींची वीज मुख्यतः महावितरणच घेते. फरक एवढाच की नांदगाव पेठेच्या कंपनीचा हिशेब शेअर बाजारामुळे गेली पंधरा-सोळा वर्षे सर्वांसमोर उघडा आहे, आणि तो वाचण्यासारखा आहे. तेव्हा इंडियाबुल्स पॉवर नाव असलेल्या या कंपनीने ऑक्टोबर २००९ मध्ये ४५ रुपये दराने जनतेला शेअर विकले आणि सुमारे दीड हजार कोटी उभे केले. २०१० मध्ये महावितरणशी १,२०० मेगावॅटचे पंचवीस वर्षांचे करार झाले. अप्पर वर्धा धरणाचे पाणी मिळाले. अमरावतीचा प्रकल्प उभा राहून चालूही लागला. पण त्याच गटाने नाशिक जिल्ह्यात सिन्नरला तितक्याच क्षमतेचा दुसरा प्रकल्प उभारला. त्याला दीर्घ मुदतीचा खरेदीदार मिळाला नाही आणि तो पडून राहिला. अमरावतीच्या प्रकल्पाचे सुमारे ६,५७४ कोटींचे कर्ज २०१९ च्या अखेरीस ४,०५० कोटींत मिटवावे लागले. बाकीची झळ कर्ज देणाऱ्या संस्थांना बसली. मार्च २०२० मध्ये ४५ रुपयांचा तो शेअर दोन रुपयांच्याही खाली गेला होता.

या कथेतला सर्वांत बोलका आकडा मात्र नंतरचा आहे. २०२३-२४ या वर्षी याच कंपनीने एकत्रित हिशेबात सुमारे ८,९०० कोटींचा निव्वळ नफा दाखवला. तो कोळसा स्वस्त झाल्याने किंवा वीज महागल्याने आलेला नव्हता. सिन्नरची उपकंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेल्याने तिचा तोटा आणि कर्ज एकत्रित हिशेबातून वगळले गेले आणि त्या वगळण्याचाच नफा झाला. लेखानियमांनुसार यात काही वावगे नाही. पण एका वर्षाचा नफा पाहून वीज कंपनीची किंमत ठरवणाऱ्याने हा आकडा कायम लक्षात ठेवावा. बुडालेली गुंतवणूक पुस्तकातून बाहेर काढली की नफा वाढतो. दहा-पंधरा वर्षांचा राखीव पैशाचा हिशेब घेतला की ती लपत नाही. आणि आता तोच सिन्नर प्रकल्प घेण्यासाठी केंद्र सरकारच्या एनटीपीसीबरोबर महानिर्मिती पुढे झाली आहे. तयार प्रकल्प स्वस्तात मिळणे हा शहाणपणाचा सौदा असूही शकतो. पण तो शहाणपणाचा ठरला की नाही हे दहा वर्षांनी कोणत्या मापाने ठरवायचे, ते माप आजच कागदावर असायला हवे.

शेअर बाजारात गेल्याने सरकारी वीज कंपनीचे वाटोळेच होते, असा याचा अर्थ नाही. एनटीपीसीने २००४ मध्ये ६२ रुपयांना शेअर विकला. २०१९ च्या बोनसचा हिशेब धरला तर तो भाव ५२ रुपयांच्या आत येतो, आणि २०२५ मध्ये शेअर बहुतांश काळ तीनशे ते साडेतीनशे रुपयांच्या दरम्यान होता, लाभांश वेगळा. दोन दशकांत सहापट ही काही वाईट कमाई नव्हे. पण याच प्रवासात २००८ च्या जानेवारीतला उच्चांक ओलांडायला शेअरला २०२३ उजाडावे लागले. त्या पंधरा वर्षांत कंपनी दरवर्षी नफ्यात होती, नवे संच उभे करत होती, आपल्या विदर्भात मौद्याचा प्रकल्पही त्याच काळात झाला. तरीही राखून ठेवलेल्या पैशाचे मोल बाजाराने इतका काळ मानले नाही. २००८ च्या तेजीत भाव आधीच फुगलेला होता हे खरे. पण बांधकामात अडकलेले भांडवल आणि राज्यांच्या वितरण कंपन्यांकडची येणी हेही त्याचे कारण होते. म्हणजे चांगल्या चाललेल्या कंपनीतही ही कसोटी काहीतरी सांगून जाते. केंद्र सरकारने आपल्या कंपन्यांवर २०१६ मध्ये किमान लाभांशाचे बंधन घातले: नफ्याच्या तीस टक्के किंवा निव्वळ मालमत्तेच्या पाच टक्के, यांतले जे जास्त ते. त्यातले मालमत्तेचे माप नोव्हेंबर २०२४ मध्ये चार टक्क्यांवर आले. या नियमामागचे तत्त्व योग्य होते: पैसा ठेवून घ्यायचा असेल तर त्याचे कारण सांगा. राज्याच्या वीज कंपन्यांना असे कारण कोणी विचारले आहे?

'सगळा नफा वाटून टाका' असे मात्र या पत्राचे म्हणणे नाही, कारण त्याचा परिणाम काय होतो हे अचलपूरइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसेल. मूर्तिजापूरहून इथे येणारी शकुंतला रेल्वे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका ब्रिटिश कंपनीने बांधली. स्वातंत्र्यानंतरही मालकी खासगी कंपनीकडेच राहिली, गाड्या चालवल्या भारतीय रेल्वेने आणि मालकाला मोबदला मिळत राहिला. मार्गावर नवी गुंतवणूक करायची कोणी, हे कधी ठरलेच नाही. रूळ खचत गेले, वेग घटत गेला आणि शेवटी गाडी बंद पडली. उलट टोकाचे उदाहरणही याच गावात आहे. मुंबईतल्या फिनले मिलचे पुनर्वसन करताना राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने अचलपूरला आधुनिक यंत्रांची गिरणी उभी केली. सार्वजनिक पैसा पुन्हा गुंतवण्याचा हा रास्त प्रयत्न होता. पण २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली आणि नवी यंत्रे पडून राहिली. एका ठिकाणी गुंतवणूक नव्हती म्हणून सेवा गेली, दुसऱ्या ठिकाणी गुंतवणूक होऊनही काम गेले. पैसा राखणे किंवा वाटणे यात पुण्य नाही की पाप नाही. राखलेल्या पैशाने काय केले, यावर सारे ठरते.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा आहे. सरकारी वीज कंपनी नफ्यासाठी नसतेच, मग तिला भागधारकाची फूटपट्टी कशाला? संत्र्याच्या बागेला दिवसा पाणी देता येणे, मेळघाटातल्या पाड्यात दिवा लागणे, याची किंमत टक्क्यांत होत नाही, हे मान्यच आहे. पण मग त्या कामाचा खर्च उघडपणे अनुदान म्हणून दाखवावा. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मार्च २०२९ पर्यंत मोफत वीज आहे आणि तिचा वर्षाचा भार सुमारे १४,७६० कोटी असल्याचे सरकारनेच सांगितले. हा निर्णय सरकारचा, त्याचे पैसेही सरकारचे. ते वेळेवर आले तर कंपनीच्या हिशेबाला धक्का लागण्याचे कारण नाही. सामाजिक कर्तव्याच्या नावाखाली रेंगाळलेले बांधकाम आणि बंद पडलेला संच झाकला जातो, तेव्हा शेतकऱ्याचाही फायदा होत नाही आणि कंपनीचाही नाही. दोन्ही रकाने वेगळे केले की कोणाचे किती देणे हे स्पष्ट होते. आणि एकदा शेअर विकला की भागधारक हा प्रश्न विचारणारच. मग आज मालक असलेल्या जनतेने तो आधी विचारला तर बिघडले कुठे?

तिसरा आक्षेप काळाचा. वीज प्रकल्प पंचवीस वर्षांचा, त्याला दहा वर्षांत जोखणे घाईचे, असे म्हटले जाते. हे नव्या संचाबाबत बरोबर आहे, पण पारसचे संच पंधरा वर्षांहून अधिक काळ चालू आहेत. शिवाय सुरुवातीच्या आणि शेवटच्या एकेका वर्षाऐवजी तीन-तीन वर्षांची सरासरी घेतली, बांधकामाधीन रक्कम वेगळी काढली, सरकारने दिलेले भागभांडवल आणि कंपनीने राखलेला नफा यांचे रकाने निरनिराळे ठेवले, तर घाईचा दोष उरत नाही. उलट आता काळच घाई करतो आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून हजारो मेगावॅट सौर वीज येऊ घातली आहे, तीही नव्या औष्णिक विजेपेक्षा कमी दरात. दिवसा स्वस्त सौर वीज मिळू लागली की कोळशाचे संच दुपारी मंद चालवावे लागतील. अशा वेळी कोराडीसारख्या ठिकाणी नवे औष्णिक संच उभारायचे असतील तर राखीव पैसा त्यात घालण्याआधी जुन्या पैशाने काय दिले, हे पाहण्याची गरज दुप्पट होते.

महावितरणचे प्रकरण यात वेगळे आहे. तिथे राखीव नफ्यापेक्षा संचित तोट्याचाच प्रश्न मोठा आहे आणि प्रश्न उलट्या दिशेने विचारावा लागेल: जाळे सुधारण्यासाठी आणि मीटर बदलण्यासाठी जे भांडवल ओतले, त्याने गळती किती घटली आणि वसुली किती वाढली? माप तेच, चिन्ह बदललेले.

म्हणून मागणी अशी. तिन्ही कंपन्यांचा २००५ पासूनचा एकूण नफा, दिलेला लाभांश आणि राखलेली रक्कम सरकारने एका श्वेतपत्रिकेत वर्षवार द्यावी. राखलेली रक्कम कोणत्या प्रकल्पात गेली, त्यावर आयोगाने किती परतावा मंजूर केला आणि प्रत्यक्ष किती रोख हाती आली, हे पारस, परळी, कोराडी, चंद्रपूर असे संचवार दाखवावे. येणी, बांधकामाधीन खर्च आणि निव्वळ टिकून राहण्यासाठीचा खर्च वेगळा काढावा. ही श्वेतपत्रिका मराठीत असावी आणि शेअर विक्रीचा कोणताही प्रस्ताव मंत्रिमंडळापुढे जाण्यापूर्वी विधिमंडळाच्या पटलावर यावी. परतावा मंजूर दराच्या जवळ निघाला तर या कंपन्यांचे शेअर कवडीमोलाने विकू नयेत, हे आपोआप सिद्ध होईल. तो फार खाली निघाला तर शेअर विकून आणखी भांडवल आणण्याआधी आहे त्या भांडवलाचा कारभार सुधारावा लागेल. दोन्ही परिस्थितींत हा हिशेब सरकारच्या फायद्याचाच आहे. आपण तो प्रसिद्ध करण्याचे आदेश द्यावेत, ही विनंती.

आपला नम्र,
एक वीजग्राहक, अचलपूर